180 पीपीएम: माशांच्या टाकीतलं हिमयुग

6 ऑक्टोबर 2024, रविवार

टाक्या आल्या. मित्राचा मासे पाळण्याचा छंद संपला, त्याच्याकडून शंभर-शंभर लिटरच्या दोन घेतल्या. एकीच्या कोपऱ्यात अजून शेवाळ आहे. घासायला सानिका आणि ऋग्वेद, दोघंही अकरावीत. बारावीतल्या कुणाला विचारायची सोय नाही, त्यांचा दिवस क्लासवाल्यांनी विकत घेतलेला असतो.

बेत असा. एका टाकीत आजची हवा, दुसरीत हिमयुगातली. दोन्हींत गहू आणि ज्वारी. हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा, म्हणजे साधारण 21 हजार वर्षांपूर्वी, हवेत कार्बन डायऑक्साईड होता 180 ते 190 पीपीएम. दहा लाख रेणूंमागे एकशे ऐंशी. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतून हे कळलं. तिथल्या डोम सी या जागी काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात आठ लाख वर्षांची हवा सापडली आणि तिच्यातला सगळ्यात खालचा आकडा 172 च्या आसपास आहे. कारखाने सुरू होण्याआधी 280. गेल्या वर्षी हवाईतल्या मौना लोआवर सरासरी 421.

हिमयुग म्हटलं की वर्गात मॅमथ येतो, बर्फ येतो, फार तर लोकरीचा गेंडा. हवा कुणीच सांगत नाही. झाडांचं तर तेच जेवण.

9 ऑक्टोबर

फळ्यावर हिशेब केला. शंभर लिटर हवेत 420 पीपीएम म्हणजे 42 मिलिलिटर कार्बन डायऑक्साईड. त्यातला निव्वळ कार्बन भरतो सुमारे 20 मिलिग्रॅम. गव्हाचा एक दाणा 40 मिलिग्रॅमचा धरला तर त्यात कार्बन 17 च्या आसपास. म्हणजे आख्ख्या टाकीभर आजच्या हवेत एका दाण्याहून जरा जास्त कार्बन, आणि हिमयुगाच्या हवेत अर्धा दाणा.

ऋग्वेद बराच वेळ टाकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मग एवढी शेतं उभी कशी राहतात?" वारा वाहतो म्हणून. टाकीतही तेच करावं लागणार. हवा कोंडून चालणार नाही, सतत खेळती ठेवावी लागेल.

13 ऑक्टोबर

दसऱ्याला मामेबहीण आली होती. ती भूलतज्ज्ञ आहे. भुलीच्या यंत्रात रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साईड शोषून घ्यायला सोडा लाईमचे खडे असतात. मला तेच हवे होते. दोन डबे मिळाले आणि एक ताकीदही. "दादा, जांभळे झाले की टाकून दे. रात्रभर ठेवलेस तर पुन्हा पांढरे दिसतील, फसू नकोस. आणि हातमोजे घाल."

मांडणी: खिडकीबाहेरून हवा ओढायची (खोलीतली नाही, चार माणसं बोलत बसली की खोलीत हजार पीपीएम सहज होतात). तिच्या दोन वाटा करायच्या. एक पीव्हीसीच्या नळकांड्यातल्या सोडा लाईममधून, एक तशीच. मिनिटाला 1.7 लिटर धुतलेली आणि 1.3 लिटर कच्ची मिसळली की 180 च्या आसपास यायला हवं. प्रवाह मोजायला करोनाच्या वेळी घेतलेले ऑक्सिजनचे फ्लोमीटर. घरोघरी पडलेत तसे आमच्याकडेही दोन होते. टाकीतून बाहेर जाणारी नळी पाण्याच्या बाटलीत बुडवली, म्हणजे उलटी हवा आत यायला नको.

18 ऑक्टोबर

आकडा उतरायच्या ऐवजी चढला. सहाशे. रोपं अजून लावलेलीही नव्हती, नुसत्या मातीच्या कुंड्या आत ठेवून पंप तपासत होतो.

सानिकाने ओळखलं: शेणखत. मातीतले जीवाणू श्वास घेतात, भरपूर घेतात. बंद टाकीत चांगली कसदार माती म्हणजे कार्बन डायऑक्साईडची भट्टीच. माती काढली. धुतलेली वाळू आणि मोजून दिलेलं खताचं पाणी. शेतकऱ्याच्या मुलीला हे काही पटलेलं नाही.

23 ऑक्टोबर

चार दिवस वाया. सेन्सर 400 च्या खाली उतरेचना. नळ्या बदलल्या, सिलिकॉन पुन्हा भरलं, सोडा लाईम बदललं, पंपावर संशय घेतला. शेवटी त्या सेन्सरचं माहितीपत्रक नीट वाचलं, जे पहिल्या दिवशी वाचायला हवं होतं. हे स्वस्त सेन्सर खोल्यांसाठी बनवलेले. गेल्या चोवीस तासांतला सगळ्यात कमी आकडा म्हणजे ताजी हवा असं ते गृहीत धरतात आणि त्यालाच 400 म्हणून स्वतःला दुरुस्त करतात. म्हणजे मी टाकीत हिमयुग आणायचं आणि यंत्राने रोज रात्री ते एकविसाव्या शतकात परत न्यायचं.

400 च्या खाली मोजणारा दुसरा सेन्सर मागवला, तिप्पट पैसे. आपोआप दुरुस्ती बंद केली. शून्यासाठी सगळी हवा सोडा लाईममधून सोडायची, वरच्या टोकासाठी दुपारी तीनची वाऱ्याची बाहेरची हवा. पहाटेची चालत नाही, रात्रभराचं श्वसन जमिनीलगत साचलेलं असतं. आता तीसेक पीपीएम इकडेतिकडे धरून आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

26 ऑक्टोबर

पेरणी. लोकवन गहू, मालदांडी ज्वारी. दोन्ही टाक्यांत दहा-दहा, हिमयुगाच्या टाकीत गव्हाची दोन राखीव. खोलीत 31 अंश, टाकीत दुपारी 35.

2 नोव्हेंबर

दिवाळी. फटाक्यांच्या धुरामुळे बाहेरची नळी संध्याकाळी दोन तास बंद. बाकी ठीक.

14 नोव्हेंबर, गुरुवार

आजची नोंद लांब होणार.

देखभालीसाठी चार तास लाईट बंद. पंप थांबले, दिवे गेले. सेन्सर पॉवर बँकेवर होता म्हणून मोजत राहिला, आणि टाकी खिडकीत असल्याने ऊन मिळत राहिलं. दुपारी आलो तर हिमयुगाच्या टाकीचा आलेख 180 वरून उतरत उतरत विसाच्या आसपास येऊन टेकला होता. मला वाटलं सेन्सर पुन्हा बिघडला. नव्हता. ज्वारी टाकीतली हवा गाळून पीत होती.

गव्हाची गोष्ट वेगळी. साधारण 50 पीपीएमच्या खाली गेलं की गव्हाचा जमाखर्च तोट्यात जातो. उजेड असतो, पाणी असतं, पण पान जितका कार्बन कमावतं त्याहून जास्त सोडतं. कमाई आणि खर्च जिथे जुळतात तो आकडा गव्हासारख्या सी-थ्री (पकडलेला कार्बन आधी तीन कार्बनच्या रेणूत बांधणाऱ्या) वनस्पतींचा 25 अंशांना 50 च्या आसपास, ज्वारी-मका-ऊस या सी-फोर (आधी चार कार्बनच्या रेणूत बांधणाऱ्या) वनस्पतींचा जवळजवळ शून्य. दोघं एका बंद डब्यात ठेवले तर ज्वारी हवा आपल्या आकड्यापर्यंत खाली ओढते, गव्हाने सोडलेला कार्बनही उचलते आणि त्याच्या जिवावर जगते. हा प्रयोग शरीरक्रियाशास्त्रात जुना आणि प्रसिद्ध आहे. आमच्याकडे वीज मंडळाच्या कृपेने झाला.

उद्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या. एकीत नुसता गहू, दुसरीत नुसती ज्वारी. बाटली चाचणी म्हणायचं ठरलं, बरणी असली तरी.

16 नोव्हेंबर

बाटली चाचणी, दुपारी एक वाजता उन्हात. बरणीच्या आत 36 अंश. गहू 85 ला अडकला. ज्वारी 10 च्याही खाली. दोन वेळा केली.

पुस्तकात 50, इथे 85. ऋग्वेदला वाटतं सेन्सर. मला वाटतं ऊन. थंडी पडेपर्यंत थांबू.

19 नोव्हेंबर

मुलांना रुबिस्को सांगितला. हिरव्या पानात कार्बन पकडण्याचं काम या एका विकराकडे. संथ. सेकंदाला तीनेक रेणू, म्हणून पान तो ढिगाने बनवतं. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्मीसुद्धा हेच असू शकतं. त्यातून हा अर्धवट आंधळा. कार्बन डायऑक्साईड समजून ऑक्सिजनही धरतो. ऑक्सिजन धरला की जे तयार होतं ते निस्तरायला ऊर्जा जाते आणि आधी पकडलेला कार्बन सुटतो. हे प्रकाशश्वसन. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

आजच्या हवेत कार्बन डायऑक्साईडच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे पाचशे. हिमयुगात एकामागे साडेअकराशेहून जास्त. चूक होण्याची शक्यता तिथेच दुपटीहून वर गेली. आणि उष्णता वाढली की हा विकर आणखी चुकतो, वर पाण्यात कार्बन डायऑक्साईड ऑक्सिजनपेक्षा जास्त वेगाने कमी विरघळू लागतो. 85 चं उत्तर इथे आहे बहुतेक.

ज्वारीने यावर तोडगा काढलाय. रुबिस्कोला शिरेभोवतीच्या जाड पेशींत कोंडून ठेवायचं आणि बाहेरून कार्बन पंपाने आत भरायचा, म्हणजे ऑक्सिजनला वावच नाही. पंपाला ऊर्जा लागते, फुकट नाही. ज्वारीच्या पानाचा आडवा छेद घेऊन सॅफ्रॅनिनने रंगवला. शिरेभोवतीचं ते कडं दिसल्यावर सानिका म्हणाली, "रांगोळीच्या ठिपक्यांसारखं." गव्हाच्या छेदात तसं कडं नाही.

24 नोव्हेंबर

पहिली फेरी उपटली. ओव्हनमध्ये वाळवून सोनाराच्या काट्यावर तोललं. दहा गव्हाची रोपं: आजच्या हवेत 2.9 ग्रॅम, हिमयुगाच्या हवेत 1.1. ज्वारी दोन्हीकडे जवळपास सारखी.

दहा रोपं, एक फेरी, शेवाळाची टाकी. यावरून काही सिद्ध होत नाही. तरी काट्यावरचा फरक डोळ्यांना दिसत होता. गव्हाची पानं अरुंद, फुटवे जवळजवळ नाहीत. मुळांना कात्री सगळ्यात जास्त लागलेली.

जगभरच्या अशा प्रयोगांत सी-थ्री रोपांचं वजन हिमयुगाच्या हवेत आजच्यापेक्षा सरासरी निम्मं भरतं. आमचं निम्म्याहूनही कमी. खोली तापलेली होती.

1 डिसेंबर

दिवसभर ला ब्रेआबद्दल वाचलं. लॉस एंजेलिस शहराच्या मधोमध डांबराची डबकी आहेत, स्पॅनिशमध्ये ब्रेआ म्हणजे डांबरच. तिथे रुतून मेलेले मॅमथ आणि सुळेवाले वाघ सगळ्यांना माहीत. पण त्याच डांबरात जुनिपर या सदाहरित झाडाची लाकडंही मुरली. जॉय वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी ती तपासून 2005 मध्ये निष्कर्ष मांडले. लाकडं 7,700 ते 55,000 वर्षांपूर्वीची.

लाकडातल्या सेल्युलोजमध्ये जड कार्बन, म्हणजे कार्बन-13, किती आहे ते मोजलं. रुबिस्कोला हलका कार्बन आवडतो. पानाच्या आत कार्बन डायऑक्साईड भरपूर असला तर तो निवडानिवड करतो, आत टंचाई असली तर मिळेल ते घेतो. म्हणून लाकूड पाहून हजारो वर्षांपूर्वी पानाच्या पोकळीत हवा कशी होती ते सांगता येतं. दुष्काळात लोक धान्य निवडत बसत नाहीत, तसंच.

त्यांना आढळलं की हिमयुगातल्या जुनिपरच्या पानातल्या आणि बाहेरच्या कार्बन डायऑक्साईडचं प्रमाण आजच्या झाडांसारखंच होतं. झाडाने प्रमाण सांभाळलं. पण बाहेरच 180 ते 220 असताना प्रमाण सांभाळून आत उरणार किती? पान जमाखर्च जुळण्याच्या आकड्याच्या फार जवळ जाऊन पोचलं. त्यांनी याला कार्बनची उपासमार म्हटलं. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तेव्हाची आर्द्रता आजच्यापेक्षा सुमारे 10 टक्के जास्त असावी असंही काढलं, म्हणजे कोरड्या हवेवर दोष ढकलता येत नाही.

हे वाचून मी उठून टाकीपाशी गेलो. आतला गहू तसाच होता. मेलेला नाही, वाळलेला नाही. नुसता वाढत नव्हता.

(टाकीत आता दुसरी फेरी नाही, पहिल्या फेरीतली राखून ठेवलेली दोन रोपं आहेत. पुढे वाचताना गोंधळ नको म्हणून लिहून ठेवतो.)

10 डिसेंबर

दुसरी फेरी पेरली. तोच गहू, तीच ज्वारी. वाईत थंडी चांगली आहे, पहाटे 12, टाकीत दुपारी 24.

17 डिसेंबर

पर्णरंध्रं मोजायचा उद्योग. पानावर पारदर्शक नेलपॉलिश, वाळलं की सेलोटेपने उचलायचं, काचपट्टीवर लावून सूक्ष्मदर्शकात मोजायचं. एफ. आय. वुडवर्ड यांनी 1987 मध्ये केंब्रिजच्या वनस्पतिसंग्रहातली दोनशे वर्षांची जुनी पानं पाहून दाखवलं होतं की हवेतला कार्बन डायऑक्साईड वाढत गेला तशी पर्णरंध्रं सुमारे 40 टक्क्यांनी कमी होत गेली. तर आमच्या कमी हवेच्या टाकीत ती जास्त हवीत.

आमचे आकडे: दोन्ही टाक्यांत सगळीकडे विखुरलेले. नेलपॉलिश संपलं. सानिकाची आई विचारते आहे, कुठे गेलं.

पण एक गोष्ट निर्विवाद. हिमयुगाच्या टाकीतल्या गव्हाला पाणी जास्त लागतं. रोप छोटं, तरी वाळू लवकर कोरडी. रंध्रं जास्त उघडी ठेवावी लागतात, आणि दार उघडं ठेवलं की पाणी जाणारच. हवेतला दुष्काळ मुळांपर्यंत पोचतो तो असा.

5 जानेवारी 2025

बाटली चाचणी, सकाळी साडेनऊ, सावलीत, दिवा लावून. बरणीत 19 अंश. तोच सेन्सर, शून्य पुन्हा लावलेला. गहू 40 ला थांबला.

नोव्हेंबरात 85, आज 40.

ऋग्वेदला सेन्सरबद्दल आता काही म्हणायचं नाही. ज्वारीची बरणी मात्र दोन तास झाले तरी निवांत उतरत होती. थंडीत तिचा पंप मंदावतो.

180 मधून 85 वजा केले तर 95 उरतात. 180 मधून 40 वजा केले तर 140. बाहेरची हवा तीच, गव्हाच्या हाती पडणारी शिल्लक मात्र दीडपट. नुसता 180 हा आकडा सांगून हिमयुग कळत नाही, शेजारी थर्मामीटर लागतो. तेव्हा पृथ्वी सरासरी सहा अंशांनी गार होती, उष्ण कटिबंधात त्याहून कमी. ज्या थंडीने झाडांना मारलं असं आपण धरून चालतो, तिनेच सी-थ्री झाडांची उपासमार थोडी सुसह्य केली. मी ऑक्टोबरात जे बनवलं होतं ते हिमयुग नव्हतंच. हिमयुगाची हवा आणि वाईचा उकाडा, असं जग गेल्या आठ लाख वर्षांत कधी आलं नाही.

12 जानेवारी

दुसरी फेरी तोलली. गहू 3.4 आणि 1.9. दरी आहे, पण पहिल्या फेरीएवढी नाही. ज्वारी दोन्ही टाक्यांत खुरटी, पिवळट, एकमेकींसारखीच.

15 जानेवारी

माझ्या सरळ गोष्टीत आज मोडता आला. केनिया पर्वतावरच्या सेक्रेड लेक या तळ्याच्या गाळाचा अभ्यास, स्ट्रीट-पेरट आणि सहकारी, 1997. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर. आजूबाजूला आज जंगल. हिमयुगात तिथे आजच्याहून गारठा होता, म्हणजे माझ्या हिशेबाने सी-थ्रीचं फावायला हवं. पण गाळात ठसा सी-फोर गवतांचा. कमी कार्बन डायऑक्साईडची ओढ थंडीच्या ओढीपेक्षा भारी पडली, असं त्यांचं म्हणणं. थंडी सावरते, पण सगळीकडे पुरेशी नाही.

आणि आपल्याकडचं: निलगिरीतलं पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. रामन सुकुमार, आर. रमेश, आर. के. पंत आणि जी. राजगोपालन यांनी 1993 मध्ये तिथल्या दोन हजार मीटरवरच्या दलदलीतल्या थरांतला कार्बन-13 मोजला. हा आकडा ठरलेल्या मानकापेक्षा हजारी किती कमी ते सांगतो: सी-फोर गवताचा ठसा उणे 12 च्या आसपास, सी-थ्रीचा उणे 27 च्या. हिमयुगाच्या ऐन काळातल्या थरांत सी-फोर गवतांचा जोर दिसतो, पुढे सुमारे 9 हजार वर्षांपूर्वी पाऊस वाढला तेव्हा सी-थ्रीचा. त्यांनी तो मुख्यतः मोसमी पावसाचा इतिहास म्हणून वाचला. बरोबरच आहे, कोरड्यातही सी-फोर तगतात. पण त्याच काळात हवाही उपाशी होती. एका आकड्यात दोन कारणं मुरलेली असली की ती वेगळी काढणं अवघड, डांबरातून लाकूड काढण्यापेक्षा अवघड.

मुलांना हे सांगितल्यावर ऋग्वेद नाराज. "सर, मग आपलं उत्तर चुकलं?" चुकलं नाही, अपुरं होतं. फळ्यावरचा बाण एक होता, आता दोन झाले. तिसरा पावसाचा.

22 जानेवारी

सानिकाचा प्रश्न: माणसाने शेती दहा-बारा हजार वर्षांपूर्वीच का सुरू केली, आधी का नाही? तिने कुठे वाचलं नव्हतं, टाकीकडे बघून विचारलं. रोवन सेज या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1995 मध्ये हाच प्रश्न मांडला होता. 15 ते 12 हजार वर्षांपूर्वीच्या काळात कार्बन डायऑक्साईड 200 च्या खालून 270 च्या आसपास आला. त्याआधी गव्हासारखं पीक कष्टाच्या मानाने पदरात फार थोडं टाकत असणार.

मला हे आकर्षक वाटतं म्हणूनच संशय येतो. मका आणि राळा सी-फोर आहेत, त्यांना 200 पीपीएमची फारशी अडचण नव्हती, तरी तेही हिमयुग संपल्यावरच शेतात आले. हवामान स्थिरावणं, पाऊस, माणसांची संख्या, बरंच काही त्याच काळात बदललं. सानिकाला म्हटलं, दोन्ही बाजू वहीत लिहून ठेव.

2 फेब्रुवारी

आवराआवर. जांभळं सोडा लाईम वेगळ्या डब्यात, झाकण घट्ट. रोपं वर्तमानपत्राच्या घडीत, तारखेसह. एक टाकी मित्राला परत. त्याचा छंद पुन्हा सुरू झालाय.

हिमयुगाच्या टाकीतला राखीव गहू, त्या दोन रोपांपैकी एक जगलेलं, सानिकाने घरी नेऊन बांधावर लावलं. आज म्हणाली, तीन फुटवे आलेत.

दुसरी टाकी ठेवून घेतली. मे महिन्यात 40 अंशांना बाटली चाचणी करायची आहे. गहू त्या दिवसांत कुणी लावत नाही, म्हणून भात. तोही सी-थ्रीच. बी सानिका आणणार.